जनावर नसलेलं घर

बन्सी ओव्हाळाच्या घरात जनावर नव्हतं. गाय नव्हती, बैल नव्हता, हे एक वेळ समजू. एसटीत जन्म घालवलेल्या कंडक्टरला बैल कशाला लागतो? पण शेरडू नव्हतं, कोंबडी नव्हती, दाराशी पडून राहणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. एखादं मोकाट कुत्रं ओसरीच्या सावलीला टेकलंच, तर बन्सी नुसता त्याच्याकडे बघायचा आणि ते विनातिकीट सापडलेल्या माणसासारखं मुकाट खाली उतरायचं. उमापूरच्या अलीकडचं ते गाव. तिथले लोक म्हणायचे, कंडक्टरच्या घरात ढेकूण शिरायचा तरी पास दाखवून शिरतो.

यात चेष्टा होती, पण चेष्टेच्या खाली मानाची गोष्ट होती, आणि ती सांगितल्याशिवाय बन्सी कळायचा नाही. बन्सीचा बाप सटवा. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्यानं गावातलं मेलेलं ढोर ओढणं सोडलं. सोडलं म्हणजे काय, तर एके सकाळी गावच्या पाटलाचा बैल मेला, सटवाला बोलावणं आलं, आणि त्यानं दारात उभं राहून सांगितलं, “न्हाई. हे काम आता आमचं न्हाई.” भाषण नाही, आरडाओरडा नाही. बैल गोठ्यात फुगला, वास सुटला, शेवटी पाटलाच्याच घरच्यांनी नाकाला फडकी बांधून तो ओढून नेला. त्यानंतर वस्तीला रानात रोजगार मिळेना, गिरणीवर दळण मिळेना. बायाबापड्या जोंधळ्याची पाटी डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला दळायला जायच्या. पण सटवा त्या कामाला परत गेला नाही, आणि वस्तीतलं दुसरंही कोणी गेलं नाही.

बन्सी तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता. तरी लहानपणापासून ही गोष्ट त्यानं इतक्यांदा ऐकली की त्या बैलाचा वास आपण घेतलाय असंच त्याला वाटायचं. बापाच्या त्या एका शब्दावर आपण शाळेत बसलो, एसटीत लागलो, पोरगा विलास मास्तर झाला, असं तो मानायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मात्र बापानं मेलेलं जनावर सोडलं होतं. बन्सीनं त्याच्यापुढे पाऊल टाकून जितंही सोडलं. नोकरदार माणूस, विहाराच्या कमिटीत पुढे, चार लोकांत शब्दाला वजन. त्यानं सोडलं म्हणून वस्तीतल्या इतर बाप्यांनीही एकेक करून दारातले खुंटे उपटले. आमच्या वस्तीत जनावर न्हाई, हे सगळेजण छाती काढून सांगायचे.

आता केशरबाईचं ऐका. केशर आष्टीकडची. तिकडे पाऊस कमी आणि शेरडं जास्त. तिचा बापही दीक्षा घेतलेलाच, पण कोरडवाहू रानात पिकत काही नसल्यामुळे त्यानं सगळी लेकरं शेळ्यांच्या दुधावर आणि करडांच्या विक्रीवर वाढवली. धर्म आणि शेरडू यांचं कुठे भांडण आहे असं त्याला कधी दिसलं नव्हतं. केशर लग्न होऊन आली आणि पहिल्याच वर्षी म्हणाली, “एखादं शेरडू घ्यावं का ओ? घर लई सुनं वाटतंय.”

“मी हाय की,” बन्सी म्हणाला.

“तुमी पहिल्या गाडीनं जाता, शेवटच्या गाडीनं येता. शेरडू दिवसभर घरी ऱ्हातंय.”

बन्सी हसला, पण शेरडू आलं नाही. केशरनं पुन्हा विषय काढला नाही. ती काढणारी बाईच नव्हती. तिनं वेगळी वाट शोधली आणि ती वाट वस्तीच्या कडेला सारजाबाईच्या गोठ्यात जात होती.

सारजाबाई शेतकऱ्याच्या घरची, वस्तीला लागूनच तिचं घर. तिचा नवरा शहादेव आणि ती दरसाल दिवाळी झाली की बैलगाडी जोडून कारखान्याला ऊस तोडायला जायची आणि उन्हाळा लागताना परतायची. मागे राहायच्या शेळ्या आणि एक म्हातारी गाय. केशरनं त्यांची देखरेख अंगावर घेतली. बदल्यात एक शेळी वाट्यानं तिची. खुंट्याला सारजाबाईच्या, जीव केशरचा. दिवसातून दोनदा जायची, पाणी दाखवायची, पाला टाकायची, आणि मग लिंबाखाली बसून शेळीचं डोकं मांडीवर घेऊन गोचिडी काढायची.

हे काम तिच्याइतकं निगुतीनं करणारं कोणी नव्हतं. कानाच्या मागं, शेपटीच्या बुडाला, कासेच्या घडीत गोचीड कुठे दडते ते तिच्या बोटांना न बघता कळायचं. पोरीच्या डोक्यातल्या उवा काढाव्यात तशी एकेक उपटायची आणि दोन अंगठ्यांच्या नखांत धरून फटकन फोडायची. बोटं लाल झाली की मातीत पुसायची. गोचीड हातानं काढायची आणि नखानं मारायची, याहून दुसरी रीत असते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. काम झालं की सारजाबाईच्या हौदावर हातपाय घासून धुवायचे, पदर झटकायचा आणि घरी येऊन सांगायचं, “विहारात गेलते.”

बन्सीला हे कधी कळलं? फार लवकर. एका सुट्टीच्या दुपारी तो मागच्या पाऊलवाटेनं येत होता आणि लिंबाखाली त्याला आपली बायको दिसली. शेळीच्या कानात तोंड घालून ती तिच्याशी काहीतरी बोलत होती आणि हसत होती. घरात ती अशी हसलेली त्यानं पाहिली नव्हती. तो पाठमोरा झाला, पारावर जाऊन बसला, आणि वाचलेला पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचून काढला.

त्यानंतर तो कधी काही बोलला नाही. भर उन्हात विहारात कोण असतं, हे त्यानं विचारलं नाही. तिच्या खांद्यावर शेळीचा केस दिसला की “धागा निघालाय लुगड्याचा” म्हणून चिमटीत धरून टाकून द्यायचा. चहाला शेळीच्या दुधाचा वास यायचा, हा एक घोट घेऊन म्हणायचा, “आज चहा बरा झालाय.” आपल्याला काही कळत नाही असं तिला वाटतंय, याची त्याला आतून मोठी गंमत वाटायची. बापाचा शब्दही राहिला आणि बायकोचं मनही राहिलं. याला प्रेम म्हणायचं नसेल तर मग कशाला म्हणायचं? त्या दोघांचा संसार पुष्कळ वर्षं असा सुखात चालला, आणि बन्सी रिटायर झाल्यावरही त्यात फरक पडला नाही. फक्त आता त्याला दुपारी मुद्दाम बाहेर जाऊन बसावं लागायचं.

दोन वर्षांमागच्या माघातली गोष्ट. त्या साली पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला होता, बांधाबांधाला गवत माजलं होतं, आणि शेळ्यांच्या अंगावर गोचिडींचा नुसता थर. सारजाबाई कारखान्याला गेलेली. केशर रोज जास्तच वेळ लावून येऊ लागली. मग एक दिवस तिचं डोकं धरलं. डोक्यामागून अंग धरलं, अंगामागून ताप चढला. गावातल्या डॉक्टरनं सुई टोचली. ताप उतरला आणि परत चढला. मग मनगटांवर आणि घोट्यांवर लाल ठिपके उठले, आणि बघता बघता ते तळहातांवर नि तळपायांवर उतरले.

शेजारच्या वच्छलाबाईनं ठिपके बघितले आणि हलक्या आवाजात म्हणाली, “देवीबाय आली म्हणायची. लिंबाचा पाला ठिवा उशाला. दवापाणी नका करू, चढंल उलटं.”

“तसलं काय न्हाई आपल्यात आता,” बन्सी म्हणाला. त्यानं तिथल्या तिथं विलासला फोन लावला. विलासनं मित्राची गाडी आणली आणि दोघांनी केशरला तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. यात बन्सीचं काही चुकलं नाही. पुष्कळ घरांत अशा वेळी पाला आणि अंगारा यांत आठवडा जातो. बन्सीनं तो जाऊ दिला नाही, हे सांगायलाच हवं.

दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता, पण वाईट नव्हता. विलास खाली मेडिकलमध्ये गेला होता. डॉक्टरनं केसपेपर वाचला, केशरचे तळहात उलटे करून बघितले, थोडा विचार केला आणि विचारलं, “घरी जनावरं आहेत का?”

“न्हाई,” बन्सी म्हणाला. हे खरंच होतं.

“जनावरांच्यात काम असतं का यांचं? मेलेलं जनावर, कातडं, असं काही हाताळता का तुम्ही लोक?”

आता त्या डॉक्टरच्या मनात काही असेलच असं नाही. जनावरांपासून येणारे ताप अनेक, तो सगळ्यांनाच तसं विचारत असेल. पण विचारण्याआधी त्यानं केसपेपरवरचं आडनाव वाचलेलं बन्सीनं पाहिलं होतं. एसटीत असताना छातीवरच्या पट्टीवरचं हेच आडनाव वाचून हात मागं घेणारे आणि सुट्टे पैसे वरून टाकणारे कितीतरी प्रवासी त्यानं पाहिले होते. त्यांना तो तिकीट हसतमुखानं द्यायचा, पण प्रत्येक वेळी आत काहीतरी ताठ व्हायचं. ते सगळं त्या क्षणी एकदम वर आलं. समोर आजारी बायको आहे, हे तो विसरला नव्हता. पण त्या प्रश्नाला दुसरं उत्तर असू शकतं, हे मात्र तो विसरला.

“न्हाई डॉक्टरसाहेब,” तो म्हणाला. “ते काम आमच्या वडलांनी कवाच सोडलंय. आमच्यात जनावराला कुणी हात लावीत न्हाई.”

आवाज त्याचा नव्हता, सटवाचा होता. डॉक्टर ओशाळला. “तसं नाही हो, विचारावं लागतं,” असं पुटपुटून त्यानं विषय सोडला. पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटचा नातेवाईक आणि दोन नर्स बन्सीकडे बघत होत्या. केशरनंही त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग भिंतीकडे तोंड केलं.

डेंग्यू असावा म्हणून उपचार सुरू झाले. सलाइन लागलं, रक्त तपासलं, पेशी कमी निघाल्या. केशर दिवसेंदिवस मलूल होत गेली. बन्सीच्या ओठावर ते वाक्य सारखं येत होतं. साधंच वाक्य: ती शेरडांत असते, गोचिडी काढते. पण डॉक्टर राऊंडला यायचा तेव्हा विलास असायचा, नर्स असायच्या, वॉर्डभर माणसं असायची. त्या सगळ्यांसमोर ‘न्हाई’चं ‘हाय’ कसं करायचं? एकदा तो धीर करून केबिनच्या दारापर्यंत गेलासुद्धा. डॉक्टर फोनवर होता. बन्सी थोडा वेळ उभा राहिला आणि परत फिरला.

तो स्वतःला समजावत होता की शेरडाचा आणि तापाचा काय संबंध? गोचीड ती केवढी, हरभऱ्याच्या टरफलाएवढी. केशर जन्मभर गोचिडी मारत आली, तिला कधी काही झालं नाही. आणि हे प्रामाणिक होतं. गोचिडीचा ताप असतो हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. पण बाबा रे, डॉक्टरनं विचारलं होतं ना? म्हणजे डॉक्टरला माहीत होतं. जन्मभर लोकांना ‘कुठं जायचं’ विचारून तिकीट देणाऱ्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं की विचारणारा उगीच विचारत नसतो.

मधे एकदा केशर शुद्धीत होती तेव्हा तिनं विचारलं, “सारजी आली का?”

“न्हाई अजून. कारखान्याचा पट्टा पडून गाळप बंद व्हायला येळ हाय.”

“मंग तिच्या घराकडं कोण बघत आसंल?”

“बघंल कुणीतरी. तू नको काळजी करू.”

तिनं मान हलवली. तो तिच्या उशाशी बसून होता, खोलीत तेव्हा तिसरं कोणी नव्हतं, आणि तरीसुद्धा दोघांपैकी एकानंही शेरडाचं नाव घेतलं नाही.

मग तिची लघवी कमी झाली, ती भलतंच बरळायला लागली. डॉक्टरनं हात टेकले आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथं एक वयस्क डॉक्टरबाई होत्या. त्यांनी केशरचे तळहात बघितले, तळपाय बघितले, मग केस बाजूला सारून कानामागं बघितलं. तिथं एक लहानशी काळी खपली होती. त्यांनी वळून विचारलं, “या शेळ्यांत असतात का? गोचीड चावली होती?”

“व्हय,” बन्सी म्हणाला. त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाला. “शेरडाच्या गोचिडी काढती ती. हातानं काढती, नखानं मारती. रोज.”

विलास बापाकडे बघतच राहिला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बाईंनी लगेच औषध सुरू केलं. औषध जुनं, साधं. पुढे कळलं की त्याच्या कॅप्सूल गावाजवळच्या सरकारी दवाखान्यातल्या कपाटातसुद्धा असतात. पण त्या वेळेवर पोटात जाव्या लागतात, आणि वेळ गेली होती. विलासनं चिडून विचारलं, “मग आधीच्या डॉक्टरला हे कावून कळलं न्हाई?” बाई म्हणाल्या, “विचारलं नसेल त्यांनी. किंवा विचारूनही कोणी सांगितलं नसेल.” बन्सी उठून बाहेर व्हरांड्यात गेला.

केशर पुन्हा शुद्धीवर आली नाही.

गावी विहारात वंदना झाली, लोक बोलले. कंडक्टरनं काही कमी केलं नाही, असं बोलले. अंगारे-धुपारे न करता थेट दवाखान्यात नेलं, याला म्हणतात विचार, असं एक जण माईकवर बोलला. बन्सी खाली मान घालून ऐकत होता. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं झेलल्या असत्या, पण हे त्याला झेलवेना. विलास मात्र पहिल्या डॉक्टरच्या नावानं बोटं मोडत होता. बन्सीनं त्याला एकदाच सांगितलं, “त्याला काय बोलू नको. त्याची चूक न्हाई.” का, ते सांगितलं नाही.

मोठ्या दवाखान्यातून केशरची खबर वर गेली होती. शिवाय आजूबाजूच्या गावांत तसेच आणखी काही ताप निघाले होते. म्हणून वैशाखात अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजातली माणसं तपासणीला आली. त्यांच्या पुढारी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, ज्योत्स्ना मॅडम. त्यांनी पांढरं फडकं बांधावरच्या गवतातून ओढत नेलं आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्यानं उचलून बाटल्यांत भरल्या. शेळ्यांच्या, गायींच्या, कुत्र्यांच्या अंगावरच्याही भरल्या. गावाला चार दिवस हसायला विषय मिळाला. “आमच्या म्हशीच्या अंगावर सरकारचा पगार हिंडतोय की बे,” असं पारावर कोणी म्हणालं. पण रक्त द्यायला सगळे गुमान आले, कारण केशरबाईचं मरण ताजं होतं.

ओव्हाळांच्या वस्तीत मॅडमनी विहारापुढे बैठक घेतली. बाप्ये पुढे बसले, बाया मागे भिंतीला टेकून उभ्या. मॅडमनी एकेकाला विचारलं, तुमचा जनावरांशी संबंध येतो का?

“न्हाई मॅडम. आमच्या वस्तीत जनावर न्हाई.”

“न्हाई जी. आमी ते कवाच सोडलंय.”

पप्पू म्हणून एक जण होता, मोटारसायकल दुरुस्त करणारा. तो बन्सीकडे अभिमानानं बघत म्हणाला, “हे कंडक्टर काका बसलेत, त्यांना इचारा. जनावराला शिवतसुद्धा न्हाई आमी.”

मॅडम गोंधळल्या. जिथं जनावरच नाही तिथं गोचिडीचा ताप आला कुठून? त्यांनी पुन्हा सावकाश विचारलं, “मेलेलं जनावर, कातडं, काहीच नाही?” पप्पूचा चेहरा बदलला. बाकीच्यांचेही बदलले. सगळ्या माना ताठ झाल्या आणि सगळ्यांनी मिळून एकदम सांगितलं, न्हाई. बन्सीला आपलाच आवाज इतक्या तोंडांतून ऐकू आला.

तो उठून उभा राहिला. “मॅडम, आमाला इचारू नका. बायांना इचारा. आन् आदी आमाला हितनं उठवा.”

“कंडक्टर, काय बोलायलात?” कोणीतरी दरडावलं.

“आन् कातडं, मेलेलं, ते काय मधे आणू नका,” बन्सी मॅडमलाच सांगत राहिला. “गोचीड काढता का, एवढंच म्हणा. माझी बायको काढायची. सारजाबाईच्या गोठ्यात.”

“तुमीच तर शिकिवलं आमाला, जनावर नगं म्हणून,” मागून आवाज आला.

“मीच शिकिवलं,” बन्सी म्हणाला आणि पायात चप्पल अडकवून निघून गेला.

बाया बोलल्या. एकदा बोलायला लागल्यावर थांबेनात. जवळजवळ प्रत्येक घराचं एखादं शेरडू कोणाच्या ना कोणाच्या गोठ्यात वाट्यानं होतं. कोणी पोरीच्या वह्यापुस्तकांसाठी ठेवलेलं, कोणी नुसतं जीव रमतो म्हणून. सगळ्या गोचिडी काढत होत्या, सगळ्या नखानं मारत होत्या, आणि सगळ्या हातपाय धुऊन विहारात गेलते म्हणून सांगत होत्या. रक्ताचे निकाल आले तेव्हा या वस्तीतल्या कितीतरी बायांना हा ताप आधी कधीतरी येऊन गेल्याचं निघालं. बाप्यांत तो फारसा नव्हता. मॅडमनी सांगितलं की गोचीड बोटानं चिरडायची नाही, चिमट्यानं ओढून रॉकेलच्या पाण्यात टाकायची. आणि ताप आला तर डॉक्टरनं विचारायची वाट बघायची नाही, आपणहून सांगायचं.

भादव्यात वच्छलाबाईला ताप भरला. तिनं सरकारी दवाखान्याच्या आशाताईला पहिलंच वाक्य सांगितलं ते गोचिडीचं. लगोलग कॅप्सूल मिळाल्या आणि आठवडा व्हायच्या आत बाई चुलीपुढे बसून भाकरी थापायला लागली. बन्सीला ऐकून आनंद झाला. खोटं कशाला सांगा, फार आनंद झाला. आणि मग तो घरी आला, दार लोटून घेतलं आणि ओक्साबोक्शी रडला.

एवढ्या दिवसांत सारजाबाई त्याच्या दारी आली नव्हती. कारखान्याहून परतल्यावर ती केशरसाठी आपल्या घरी बसून रडली, पण वस्तीत पाऊल टाकायची तिची छाती होईना. आपल्या गोठ्यानं बाई खाल्ली, हे तिच्या मनानं घेतलं होतं. दिवाळीनंतर पुन्हा ऊसतोडीला निघायची वेळ आली, गाडीत सामान भरून झालं, तेव्हा ती आली. ओसरीच्या कडेला बसली आणि पदर डोळ्याला लावला.

“शेरडं इकली भाऊ समदी,” ती म्हणाली. “माझ्या शेरडांनी नेली ओ तिला.”

“शेरडांनी न्हाई नेली,” बन्सी म्हणाला.

वर्ष होत आलं होतं. एवढं वर्ष त्यानं एका गोष्टीच्या आधारावर काढलं होतं: केशरला वाटलं असेल, आपल्या नवऱ्याला शेरडांचं ठाऊकच नाही. तो बोलला ते अडाणीपणानं बोलला, जाणूनबुजून नाही. तिच्या लेखी तरी आपण खोटे ठरलो नाही, एवढ्या एका आधारावर तो जेवत होता, झोपत होता. आणि आता सारजाबाई स्वतःला दोष देतेय ते त्याला बघवेना, म्हणून विलासला न सांगितलेली गोष्ट त्यानं तिला सांगितली.

“डॉक्टरनं सरळ इचारलतं, सारजाबाई. मी न्हाई म्हणलो. मला ठावं व्हतं, तरी न्हाई म्हणलो. ती मात्र समजली आसंल, ह्या बाबाला काय कल्पनाच न्हाई. तेवढं एक बरं झालं.”

सारजाबाईनं पदर बाजूला केला. “असं कावून म्हंता भाऊ? तुमाला ठावं हाय हे तिला ठावं व्हतं की.”

“काय?”

“समदं. पहिल्या सालापसनं. म्हणायची, सारजे, आमचा कंडक्टर लई भला माणूस हाय. त्येला समदं दिसतंय, पर माझा जीव रमतो म्हणून डोळं झाकितो. मंग त्येचा मान ऱ्हावा म्हणून मीबी रोज पाय धुऊन जाते.”

बाहेर शहादेव गाडी जोडून बायकोला हाका मारत होता.

“मंग ती बोलली कावून न्हाई?” त्यानं विचारलं. “तिथंच खाटंवर व्हती. ऐकत व्हती माझं.”

सारजाबाईला या प्रश्नाचंच नवल वाटलं. ती उठत उठत म्हणाली, “चार लोकांत तुमी न्हाई म्हणल्यावर, भाऊ, ती हाय कशी म्हणंल?”